पात्र कोण, अपात्र कोण : डेट्रॉइट–डॅलस सामन्यातील एका झेलाचे प्रकरण

30 डिसेंबर 2023 रोजी रात्री टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथील एटी अँड टी स्टेडियमवर डेट्रॉइट लायन्स आणि डॅलस काउबॉइज या दोन संघांमधील अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याची अवघी 23 सेकंदे उरली होती. डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, जॅरेड गॉफ याने 75 यार्डांची चढाई पूर्ण करून आमोन-रा सेंट ब्राउनला 11 यार्डांचा पास दिला, टचडाउन (गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन मिळणारे सहा गुण) झाले आणि गुणफलक डॅलस 20, डेट्रॉइट 19 असा झाला. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक चेंडूला लाथ मारून एक गुण मिळवतात आणि सामना जादा वेळेत नेतात. डेट्रॉइटचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी मात्र दोन गुणांचा प्रयत्न निवडला. हा प्रयत्न गोलरेषेपासून 2 यार्डांवरून एकदाच करायचा असतो. तो साधला तर विजय जवळजवळ हातात होता आणि फसला तर पराभव.

गॉफने चेंडू घेतला, क्षणभर थांबला आणि एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, एकट्याच उभ्या असलेल्या एका अगडबंब खेळाडूकडे अलगद फेकला. तो खेळाडू म्हणजे 68 क्रमांकाचा टेलर डेकर. तो संघाचा लेफ्ट टॅकल होता, म्हणजे ज्याचे आयुष्य क्वार्टरबॅकच्या रक्षणासाठी प्रतिस्पर्ध्यांना अडवण्यात जाते असा गडी. त्याने झेल नीट घेतला आणि फलकावर 21-20 उमटणार असे दिसू लागले. तोवर मैदानावर पंचांचे पिवळे रुमाल, म्हणजे नियमभंगाची खूण, पडले होते. रेफरी ब्रॅड ॲलन यांनी निर्णय दिला की डेकर पास झेलण्यास पात्र नव्हता, त्यामुळे त्याने चेंडूला केलेला स्पर्श बेकायदा होता. झेल रद्द झाला आणि 5 यार्डांचा दंड बसला. डेट्रॉइटने तो सामना 20-19 असाच गमावला.

डेकरने झेल घेतला यात शंका नव्हती आणि तो मैदानाच्या रेषांच्या आतही होता. कोणी कोणाला धक्का दिला नव्हता, खेळाचे घड्याळही वादात नव्हते. वाद एवढाच होता की या माणसाला पास झेलण्याचा अधिकार होता की नव्हता. हा अधिकार त्याच्या शरीरावर किंवा कौशल्यावर अवलंबून नसून काही सेकंदांपूर्वी रेफरीशी झालेल्या, किंवा न झालेल्या, एका संवादावर अवलंबून होता. म्हणूनच हे प्रकरण मला इतर वादग्रस्त निर्णयांपेक्षा अधिक अभ्यासण्याजोगे वाटते.

पात्रता ठरते कशी

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. चेंडू जिथे ठेवलेला असतो तिथून मैदानाच्या रुंदीला समांतर अशी एक काल्पनिक रेषा धरली जाते, तिला स्क्रिमेज रेषा म्हणतात. अकरांपैकी किमान सात जणांनी या रेषेवर उभे राहणे बंधनकारक आहे. रेषेवरच्या या ओळीतले फक्त दोन टोकांचे खेळाडू पुढे फेकलेला पास झेलू शकतात, तसेच रेषेच्या मागे किमान एक यार्ड अंतरावर उभे असलेले खेळाडूही झेलू शकतात. ओळीच्या मधले पाच जण, म्हणजे सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल, पास झेलू शकत नाहीत. इतकेच नव्हे, तर व्यावसायिक लीगमध्ये (एनएफएलमध्ये) पास हातातून सुटण्यापूर्वी त्यांनी रेषेच्या एक यार्डापेक्षा अधिक पुढे जाणेही गुन्हा ठरतो. बचाव करणाऱ्या संघाला असे कोणतेच बंधन नाही. त्यांचा कोणीही, कधीही, पास झेलू शकतो आणि त्यांच्यापैकी कोणाचा पासला स्पर्श झाला की मग चढाई करणाऱ्या संघाचेही सगळे खेळाडू पात्र होतात.

जागा ही पात्रतेची पहिली अट झाली. दुसरी अट अंगावरच्या क्रमांकाची आहे. 50 ते 79 आणि 90 ते 99 हे क्रमांक घातलेला खेळाडू, तो ओळीच्या टोकाला उभा राहिला तरी, आपोआप पात्र होत नाही. समोरच्या अकरा जणांमध्ये धावून पास घेणारे कोण आणि अडवणारे कोण हे बचावपटूला एका नजरेत कळावे, हा या क्रमांकांचा हेतू आहे. धडधाकट, दीडशे किलोच्या आसपासचे गडी पुढे सरकू लागले की बचावपटू ती धावण्याची चाल समजतो. तेच गडी अचानक पास झेलू लागले तर त्याच्या डोळ्यांवर विसंबण्यात अर्थच उरणार नाही.

याच अटीला व्यावसायिक लीगने एक पळवाट नव्हे, तर एक रीतसर दार ठेवले आहे. अपात्र क्रमांकाचा खेळाडू चाल सुरू होण्यापूर्वी रेफरीकडे जाऊन ‘या चालीत मी पात्र म्हणून उभा राहणार आहे’ असे कळवू शकतो. मग रेफरी ही माहिती बचाव करणाऱ्या संघाला देतो आणि तोपर्यंत चेंडू खेळात आणता येत नाही. महाविद्यालयीन खेळात हे दार नाही, तिथे 50 ते 79 क्रमांकाचा खेळाडू कोणालाही काहीही कळवून पात्र होऊ शकत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला ही तरतूद अनोळखी वाटू नये. गोलंदाज उजव्या हाताने टाकणार की डाव्या, यष्टीच्या कोणत्या बाजूने येणार, हे तो पंचांना सांगतो आणि पंच फलंदाजाला सांगतात. न सांगता त्यात बदल केला तर चेंडू नो-बॉल ठरतो. गोलंदाजाला बदल करण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण फलंदाजाच्या नकळत तो करण्याचा अधिकार नाही. फुटबॉलमधल्या कळवण्याच्या नियमाचे मर्म नेमके हेच आहे. ती माहिती रेफरीच्या हाती दिली जाते, पण ती असते प्रतिस्पर्ध्यासाठी. डेट्रॉइटच्या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक युक्तिवाद हा मुद्दा नजरेआड झाल्याने भरकटला आहे.

बंधनाचे मूळ

फॉरवर्ड पासच मुळात सवलत म्हणून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ इतका हिंस्र होता की 1905 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून सुधारणेचा आग्रह धरला. त्यानंतरच्या हंगामासाठी, म्हणजे 1906 मध्ये, चेंडू पुढे फेकण्यास मान्यता मिळाली. खेळाडूंचा घोळका एका जागी एकमेकांवर आदळू नये, खेळ मैदानभर पसरावा, हा हेतू होता. पण अकराही जणांना झेलण्याची मुभा दिली असती तर ओळीत उभे राहून अडवण्याला काही अर्थच राहिला नसता, म्हणून ती मुभा सुरुवातीपासूनच ओळीच्या टोकांना आणि मागच्या खेळाडूंना मिळाली. 5 सप्टेंबर 1906 रोजी विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन याने पहिला कायदेशीर पास फेकला, तेव्हाही कोण झेलू शकतो आणि कोण नाही, हा भेद अस्तित्वात होता. पुढे नियमांच्या पुस्तकात जी भर पडत गेली ती मुख्यतः हा भेद बचावपटूला कसा दिसावा, याविषयीची होती.

त्याआधीचे दोन प्रसंग

पात्रतेच्या नियमांचा कस पाहण्याचे प्रयत्न डेट्रॉइटने सुरू केलेले नाहीत, आणि 2023 ची घटना समजून घ्यायची तर दोन आधीचे प्रसंग ध्यानात घेतले पाहिजेत.

पहिला प्रसंग शाळकरी खेळातला आहे. 2007 च्या हंगामात कॅलिफोर्नियातील ओकलंडला लागून असलेल्या पीडमॉन्ट या गावच्या हायस्कूलने अकराच्या अकरा खेळाडू संभाव्य रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, वाटतील अशी रचना मैदानावर आणली. प्रशिक्षक कर्ट ब्रायन आणि स्टीव्ह हम्फ्रीज यांनी नियमपुस्तकातील एका अपवादाचा आधार घेतला होता. चेंडूला लाथ मारण्याच्या रचनेत क्रमांकांची अट शिथिल असते, कारण तिथे खास त्या कामासाठी वेगळे खेळाडू उतरवावे लागतात. या संघाने त्या रचनेत उभे राहून लाथ न मारता पास फेकायला सुरुवात केली. प्रत्यक्षात पाच जण अपात्रच असत, पण ते कोणते हे रचना स्थिर होईपर्यंत प्रतिस्पर्ध्याला कळत नसे. लहान शाळेला धिप्पाड गडी मिळत नाहीत, तिने बुद्धीने वाट काढली, असे मानणाऱ्यांना या कल्पनेचे कौतुक वाटले. मलाही त्यातली चतुराई मान्य आहे. तरीही 2009 च्या फेब्रुवारीत शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने अपवादाची व्याख्या आवळून ती वाट बंद केली.

दुसरा प्रसंग व्यावसायिक लीगचा असून त्याचा आमच्या प्रकरणाशी संबंध अधिक थेट आहे. 10 जानेवारी 2015 रोजी मॅसॅच्युसेट्समधील फॉक्सबरो येथे न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध बाद फेरीच्या सामन्यात 28-14 असा पिछाडीवर होता. तिसऱ्या सत्रात प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी नेहमीच्या पाच अडवणाऱ्यांऐवजी चारच उतरवले आणि 34 क्रमांकाचा धावपटू शेन व्हेरीन याने आपण या चालीत अपात्र असल्याचे कळवले. दार तेच होते, वापर मात्र उलट दिशेने झाला. पात्र क्रमांकाचा माणूस अपात्र होऊन ओळीपासून दूर, रिसीव्हरच्या जागी उभा राहिला. दुसऱ्या बाजूला टॅकलच्या जागी उभा असलेला 47 क्रमांकाचा टाइट एंड (अडवणे आणि झेलणे ही दोन्ही कामे करणारा खेळाडू) मायकेल हूमानावानुई ओळीचे टोक असल्यामुळे पात्र होता. रेफरी बिल विनोविच यांनी 34 अपात्र असल्याचे जाहीर केले, पण बाल्टिमोरच्या खेळाडूंना ते ऐकून, समजून, आपापल्या जबाबदाऱ्या बदलण्याइतका अवधी मिळाला नाही. एकाच चढाईत ही क्लृप्ती तीनदा वापरली गेली आणि त्यातले दोन पास हूमानावानुईने घेतले. बाल्टिमोरचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ रेफरींचे लक्ष वेधण्यासाठी संतापून मैदानात आले आणि त्यांनाच दंड बसला. न्यू इंग्लंडने तो सामना 35-31 असा जिंकला आणि त्या हंगामाचे सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम विजेतेपदही, जिंकले.

लीगने न्यू इंग्लंडला दोषी ठरवले नाही, कारण त्या दिवशीच्या नियमांनुसार सर्व काही रीतसर होते. मात्र मार्चमध्ये संघमालकांच्या बैठकीत नियम बदलला. पात्र क्रमांकाचा खेळाडू स्वतःला अपात्र घोषित करणार असेल तर त्याने ओळीच्या मध्यभागातच, दोन टॅकलांच्या दरम्यान उभे राहिले पाहिजे, दूर रिसीव्हरसारखे नाही. या दुरुस्तीचा रोख मला महत्त्वाचा वाटतो. लीगने युक्ती करण्यावर बंदी घातली नाही. कळवलेली गोष्ट आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट यांतले अंतर तेवढे कमी केले.

आर्लिंग्टनमधील ते काही क्षण

आता मूळ प्रकरणाकडे वळू. डेट्रॉइटच्या संघात 70 क्रमांकाचा डॅन स्किपर हा साडेसहा फुटांहून उंच असा राखीव टॅकल होता. जवळच्या अंतरावर ताकदीच्या जोरावर धावण्याची चाल खेळायची असली की तो सहावा अडवणारा म्हणून मैदानात येई आणि येताना रेफरीला आपण पात्र असल्याचे कळवी. त्या हंगामात ही गोष्ट इतकी नेहमीची झाली होती की स्किपर धावत येताना दिसला की तो कळवायलाच येत आहे, असे कोणालाही वाटावे. प्रतिस्पर्ध्यांना या घोषणेचे काही वाटेनासे झाले होते, कारण स्किपरकडे पास फेकला जात नसे.

कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सवयीवर आपली चाल उभारली. त्या दोन गुणांच्या प्रयत्नापूर्वी डेकर, स्किपर आणि 58 क्रमांकाचा राइट टॅकल पेनेई सेवेल असे तिघेही रेफरी ॲलन यांच्या आसपास आले. बेत असा होता की कळवायचे डेकरने, पण डॅलसच्या लोकांना मात्र या गर्दीत नेमके कोणी कळवले ते उमगू नये आणि त्यांचे लक्ष सवयीने स्किपरकडे जावे. कॅम्पबेल यांनी नंतर सांगितले की ही चाल त्यांनी सामन्यापूर्वी पंचांना समजावून सांगितली होती. डेकरने सांगितले की त्याला जे करायला सांगितले होते तेच त्याने केले, तो रेफरीकडे गेला आणि त्याने कळवले. गॉफनेही डेकरने कळवले आणि स्किपरने नाही, असेच म्हटले.

ॲलन यांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. सामन्यानंतर पत्रकारांच्या प्रतिनिधीला उत्तर देताना त्यांनी सांगितले की आपल्याकडे 70 क्रमांकाने कळवले, 68 ने कळवले नाही, आणि न कळवलेल्या खेळाडूने रेषेपलीकडे गेलेल्या पासला स्पर्श केल्यामुळे तो दोष ठरला. ध्वनिचित्रफितीत डेकर ॲलन यांच्या जवळ जाताना दिसतो आणि त्याच सुमारास स्किपर बाहेरून धावत येताना दिसतो. तिथून ॲलन डॅलसच्या बचावफळीकडे गेले आणि 70 क्रमांक पात्र असल्याचे त्यांनी सांगितले. चित्रफीत हालचाली दाखवते, उच्चारलेले शब्द नाही. त्यामुळे हे प्रकरण पुराव्याच्या बळावर निकालात निघण्यासारखे नाही, आणि कोणी तसा दावा केला तर तो मला घाईचा वाटतो.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. दंडामुळे चेंडू 2 यार्डांवरून 7 यार्डांवर गेला. एवढ्या अंतरावरून कॅम्पबेल यांनी लाथ मारून बरोबरी साधण्याचा पर्याय घेतला नाही. दुसऱ्या प्रयत्नात पास डॅलसने पळवला, पण डॅलसचा मायका पार्सन्स वेळेआधी रेषा ओलांडून आल्यामुळे तो प्रयत्न पुन्हा घ्यावा लागला. तिसरा प्रयत्न साडेतीन यार्डांवरून झाला आणि जेम्स मिचेलकडे फेकलेला पास पूर्ण झाला नाही. त्यानंतर चेंडू परत मिळवण्यासाठी मारलेली छोटी लाथही डॅलसच्याच हाती गेली. 7 यार्डांवरून पुन्हा दोन गुणांसाठी जाण्याच्या निर्णयावर बरीच टीका झाली. ती मला रास्त वाटते, पण तो डावपेचाचा प्रश्न आहे आणि पात्रतेशी त्याचा संबंध नाही.

जबाबदारीची वाटणी

या प्रकरणात रेफरीकडून चूक झाली असे बहुसंख्य प्रेक्षकांचे मत झाले आणि ते समजण्यासारखे आहे. डेकर रेफरीपर्यंत गेला होता हे दिसते. एखादा टॅकल दोन गुणांच्या निर्णायक प्रयत्नापूर्वी रेफरीजवळ जाऊन उभा राहतो, तेव्हा तो हवापाण्याची चौकशी करायला गेलेला नसतो. तीन मोठे गडी जवळ आले असताना नेमके कोण कळवत आहे हे निश्चित केल्याशिवाय ॲलन यांनी तिथून निघायला नको होते. एक प्रश्न विचारला असता, एका क्रमांकाकडे बोट दाखवून होकार घेतला असता, तरी पुरे होते. चाल सुरू करण्याची मुभा रेफरीच्या हालचालीवर अवलंबून असल्यामुळे त्यांच्याकडे तेवढा वेळ होता. सामन्यापूर्वी चाल समजावून सांगितल्याचे कॅम्पबेल यांचे म्हणणे खरे धरले तर ही अपेक्षा अधिकच वाढते.

तरीही सगळा दोष ॲलन यांच्या माथी मारणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण नियमाच्या हेतूत आहे. कळवण्याची सोय प्रतिस्पर्ध्याला माहिती मिळावी म्हणून आहे. डेट्रॉइटला ती अट अक्षरशः पाळायची होती आणि तिचा उपयोग मात्र प्रतिस्पर्ध्याला होऊ द्यायचा नव्हता. त्यासाठी त्यांनी माहितीच्या भोवती गर्दी उभी केली. अडचण अशी की डॅलसचा बचावपटू आणि रेफरी हे दोघेही त्याच मैदानावर, त्याच गोंगाटात, त्याच हालचाली पाहत असतात. एकाच्या डोळ्यांपुढे धूर करायचा आणि दुसऱ्याला मात्र स्वच्छ दिसावे अशी अपेक्षा ठेवायची, हे व्यवहारात साधणे फार कठीण आहे. जो बेत स्किपरच्या सवयीवर प्रतिस्पर्ध्याला फसवायला निघाला होता, त्याच सवयीने रेफरीचीही समजूत घडवली असेल, तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

आणखी एक गोष्ट चर्चेत मागे पडली. रेफरीने 70 पात्र असल्याचे सांगितले, म्हणजे डेट्रॉइटला आपला संदेश चुकीचा पोहोचल्याचे कळण्याची एक संधी निर्माण झाली होती. क्रिकेटमध्ये पंच फलंदाजाला मोठ्याने सांगतात तेव्हा गोलंदाजही ते ऐकतो आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करतो. इथे मैदानावरील एकाही खेळाडूने किंवा बाजूरेषेवरील सहायकाने हात वर करून चाल थांबवली नाही. 80 हजारांच्या आसपास प्रेक्षक बसू शकतील अशा बंदिस्त स्टेडियममध्ये, सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला काय ऐकू येईल याची मला कल्पना आहे, आणि म्हणून मी याला निष्काळजीपणा म्हणणार नाही. पण ज्या संघाची संपूर्ण चाल एका क्रमांकाच्या घोषणेवर टिकून आहे, त्याने ती घोषणा ऐकण्यासाठी एक माणूस नेमायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

डॅलसची बाजू तर जवळजवळ कोणीच मांडली नाही. समजा, डेकरने खरोखरच कळवले होते आणि ॲलन यांनी ऐकण्यात चूक केली. तरीही डॅलसच्या बचावपटूंना सांगितले गेले ते 70 क्रमांकाविषयी. त्यांनी त्या माहितीवर विश्वास ठेवून 68 कडे दुर्लक्ष केले, आणि तो एकटा सापडला याचे तेही एक कारण असू शकते. अशा स्थितीत झेल मान्य करणे म्हणजे रेफरीच्या चुकीची किंमत डॅलसकडून वसूल करणे झाले असते. झेल रद्द करणे म्हणजे तीच किंमत डेट्रॉइटकडून वसूल करणे, आणि प्रत्यक्षात तेच झाले. दोन्ही संघांना न्याय देणारा मार्ग एकच दिसतो. दंड न लावता तीच चाल 2 यार्डांवरून पुन्हा खेळवायची. मात्र त्यासाठी आपल्याकडून चूक झाली हे रेफरीला त्याच क्षणी मान्य व्हायला हवे, आणि ॲलन यांच्या लेखी चूक झालेलीच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न मैदानावर उभाच राहिला नाही.

हंगामावर झालेला परिणाम

डेट्रॉइटच्या चाहत्यांचा संताप समजून घ्यायचा तर त्या संघाची पूर्वपीठिका आठवली पाहिजे. 2008 साली सोळाच्या सोळा सामने हरलेला हा संघ. त्याने या सामन्याच्या सहा दिवस आधी, 24 डिसेंबर 2023 रोजी, मिनेसोटाला हरवून 30 वर्षांनंतर आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले होते. डॅलसला त्यांच्याच मैदानावर हरवणे ही त्या उभारीची खूण ठरली असती.

नियमित हंगामाअखेर सॅन फ्रान्सिस्को, डॅलस आणि डेट्रॉइट या तिन्ही संघांचे 12 विजय आणि 5 पराभव झाले. मानांकनात सॅन फ्रान्सिस्को पहिले, डॅलस दुसरे आणि डेट्रॉइट तिसरे आले. त्यावरून अनेकांनी असा हिशेब मांडला की तो झेल मान्य झाला असता तर डेट्रॉइट 13 विजयांसह पहिले आले असते आणि परिषदेचा, म्हणजे लीगच्या आपल्या अर्ध्या भागाचा, अंतिम सामना आपल्या गावी खेळले असते. हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. सॅन फ्रान्सिस्कोने शेवटच्या सामन्यात आपले प्रमुख खेळाडू बसवून ठेवले होते, कारण पहिले मानांकन तोवर निश्चित झाले होते, आणि तो सामना ते 21-20 असे थोडक्यात हरले. डेट्रॉइट त्या मानांकनाच्या शर्यतीत असते तर सॅन फ्रान्सिस्कोने पूर्ण ताकद लावली असती. डेट्रॉइटने पुढे लॉस एंजेलिस रॅम्स आणि टॅम्पा बे यांना हरवले आणि 28 जानेवारी 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर 34-31 अशी हार पत्करली. तो सामना डेट्रॉइटमध्ये झाला असता तर काय, याचे उत्तर 30 डिसेंबरच्या झेलात शोधणे ओढूनताणून होईल. डॅलसलाही त्या विजयाचा फारसा लाभ झाला नाही, कारण बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, ग्रीन बेने त्यांना 48-32 असे हरवले.

नियमाच्या अंमलबजावणीत मात्र एक ठोस पाऊल उचलले गेले. लीगने सर्व संघांना ध्वनिचित्रफीत पाठवून कळवण्याची रीत पुन्हा समजावली. खेळाडूने स्वतः रेफरीकडे जायचे, छातीसमोर हात वर-खाली फिरवण्याची ठरलेली खूण करायची, आणि रेफरीला आपला हेतू निःसंदिग्धपणे कळला याची जबाबदारी खेळाडूचीच राहील. संघांनी या व्यवहारात मुद्दाम संदिग्धता आणू नये, हा त्यातला रोख उघड होता. नियमाच्या शब्दांपेक्षा वागण्याची रीत घट्ट करण्याचा हा उपाय मला योग्य वाटतो, फक्त तो अर्धाच आहे. खेळाडूची जबाबदारी स्पष्ट झाली तशीच रेफरीने तो क्रमांक मोठ्याने उच्चारून त्याच खेळाडूकडून होकार घ्यावा, अशी सक्ती झाली असती तर साखळी पूर्ण झाली असती. गर्दीत उच्चारलेला एकच शब्द सामन्याचा निकाल ठरवणार असेल, तर तो शब्द दोनदा उच्चारला जावा, ही मागणी अवास्तव नाही.

डेट्रॉइटने धिप्पाड गड्यांना पास देण्याची हौस सोडली नाही, आणि सोडायचे काही कारणही नव्हते. या प्रकरणाच्या आधी, 2022 च्या डिसेंबरात, सेवेलने रीतसर पात्र होऊन घेतलेल्या 9 यार्डांच्या झेलाने मिनेसोटाविरुद्धचा सामना पक्का झाला होता आणि त्यावर कोणी आक्षेप घेतला नव्हता. 13 ऑक्टोबर 2024 रोजी डेट्रॉइट पुन्हा आर्लिंग्टनला आले आणि 47-9 असे जिंकून गेले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला, घरच्या मैदानावर बफेलोविरुद्ध 48-42 असा हरलेल्या सामन्यात, डेट्रॉइटच्या एका टॅकलने 9 यार्डांचा पास झेलून टचडाउन केले. त्याच्या पाठीवर 70 हा आकडा होता. डॅन स्किपर त्या चालीपूर्वी रेफरीला पात्र असल्याचे कळवून आला होता, आणि या वेळी पास त्याच्याचकडे आला.